गाईंचा घाट आणि गिअरचा दांडा

परदेशी निघालेल्या माणसाला काय काय विचारायचे, हे आपल्याकडे जवळजवळ ठरूनच गेलेले आहे. व्हिसा मिळाला का, लोकरीचे कपडे घेतलेत का, भाजणी आणि मेतकूट किती बांधलेत, आणि तिकडे पोळ्यांचे कसे? हे चार प्रश्न विचारून झाले की विचारणारा कर्तव्यातून मोकळा होतो आणि जाणाराही. "तिकडे गाडी कोणती चालवणार, गिअरची की बिनगिअरची?" असे विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. खरे म्हणजे चौथ्या प्रश्नापेक्षा हा पाचवा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पोळ्या आता लीड्ससारख्या गावातही पाकिटातून मिळतात.

हा प्रश्न आपल्याला पडत नाही त्याचे मूळ आपल्या कायद्यात आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दुचाकीचे दोन वेगळे वर्ग केले आहेत, गिअर नसलेली आणि गिअर असलेली. मी स्वतः सोळाव्या वर्षी ५० सी.सी. च्या लुनावर बसले ती पहिल्या वर्गाच्या परवान्यावर. भावाच्या स्कूटरला हात लावायला अठरा पूर्ण व्हावी लागली. पण चार चाकांपाशी आला की हाच कायदा एकदम उदार होतो. हलके मोटार वाहन, एवढेच त्याला ठाऊक. त्यात क्लच आहे की नाही, दांडा हलतो की आपोआप गिअर पडतात, याची तो चौकशी करीत नाही. ज्याने आयुष्यात क्लच दाबला नाही असा माणूसही आपल्याकडे परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊन दुसऱ्या दिवशी गिअरची गाडी घेऊन खंबाटकी घाटात जाऊ शकतो. घाट त्याचे काय करील ते करील, पण पोलीस अडवणार नाही.

ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे परीक्षा गिअरच्या गाडीत दिली तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. ऑटोमॅटिकमध्ये दिली तर फक्त ऑटोमॅटिक. परवान्याच्या कार्डामागे ७८ हा आकडा छापून येतो आणि तो आकडा जन्मखुणेसारखा माणसाबरोबर हिंडतो. युरोपीय संघातल्या देशांतही हाच आकडा याच अर्थाने छापतात. असा परवाना खिशात ठेवून कोणी गिअरची गाडी रस्त्यावर काढली तर तो गुन्हा होतो, आणि विम्याच्या कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते ते वेगळेच.

हे सगळे मला कळले ते माझ्या भाचीमुळे. माझ्या भावाची ही मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. शिकायला म्हणून लीड्सला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पहिले बारा महिने गाडी चालवता येते. तिथे राहायला गेलेल्या माणसाला त्यानंतर पुन्हा शिकाऊ परवान्यापासून ओनामा गिरवावा लागतो. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा अशा काही देशांचे परवाने तिथे बदलून मिळतात. आपला मिळत नाही. भाचीची पहिली बारा महिने अभ्यासात आणि बसच्या थांब्यावर गेली. पुढे नोकरीत तिला घरभेटींचे काम मिळाले. पक्षाघात झालेले, खुब्याचे हाड मोडलेले, घराबाहेर पडू न शकणारे म्हातारे लोक. त्यांच्या घरी जाऊन त्यांना उभे करायचे, चालवायचे. काम तिला मनापासून आवडले. अट एकच होती, वर्षअखेरीपर्यंत स्वतःचा परवाना हवा. नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

झाले, आमच्या घरात दोन तट पडले. भावाचे म्हणणे, "गिअरची गाडी येत नाही म्हणजे गाडीच येत नाही. आजोबांची नात आहे ती!" वहिनीचे म्हणणे, "ऑटोमॅटिकच घे गं बाई, परक्या मुलखात उगाच जिवाला घोर नको." रात्री साडेअकराला हा वाद साता समुद्रांपलीकडे दूरध्वनीवरून चाले, आणि जिच्यासाठी तो चाले ती मुलगी दिवसभर म्हाताऱ्यांना चालवून दमलेली असे. माझे मत मला विचारले गेले नव्हते. पण २०२५ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि आम्ही दोघे लीड्सला जाऊन पोचलो, तेव्हा ते विचारले जाणार हे उघड होते.

आधी तिथल्या परीक्षेविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे आठ आकडा काढून परवाना घेतलेल्या मंडळींना तिची कल्पना येणे कठीण आहे. शिकाऊ परवान्याचे चौतीस पौंड. मग लेखी परीक्षेचे तेवीस. तीत पन्नास प्रश्न असतात आणि त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. त्याला जोडून चौदा चित्रफिती दाखवतात. रस्त्यावर पुढे धोका उभा राहतो आहे असे दिसताच बटण दाबायचे, पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस गुण हवेत. हे पार पडले की रस्त्यावरची परीक्षा, तिचे साध्या दिवशी बासष्ट पौंड. आधी वीस मीटरांवरच्या गाडीची पाटी वाचून दाखवायची, मग चाळीस मिनिटे शेजारी परीक्षक. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ, सोळावी झाली की नापास. आणि गंभीर चूक एकही चालत नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे कमीच लोक पास होतात. नापास झाले की पुन्हा तारीख मिळवायची, आणि कोविडनंतरच्या वर्षांत ती तारीख मिळायला महिनोन्महिने लागत आले आहेत. म्हणजे एकदा नापास होणे हे पैशापेक्षा वेळेच्या हिशेबाने महाग. आणि भाचीजवळ वेळच नव्हता.

तिने दहा-बारा शिकवण्या गिअरच्या गाडीत घेतल्या होत्या. लेखी परीक्षा झाली होती. अडत होते ते एकाच ठिकाणी. लीड्स चढउतारांचे गाव आहे. चढावर लाल दिवा लागला, मागे बस येऊन उभी राहिली की हिचा डावा पाय थरथरू लागे. क्लच जिथे गाडीला पकडतो तो नेमका क्षण हुकला की गाडी आचका देऊन बंद. गाडी बंद पडणे ही एरवी किरकोळ चूक. पण भर चौकात, मागे रांग असताना बंद पडली की तीच गंभीर होऊ शकते.

"आत्या, तू माझ्याबरोबर बसून सराव करून घे ना," ती म्हणाली. तेही शक्य नव्हते. शिकाऊ माणसाशेजारी बसणारा एकवीस वर्षांवरचा हवा आणि त्याच्याकडे ब्रिटनचा, युरोपीय संघाचा किंवा ठरावीक देशांपैकी एखाद्याचा पूर्ण परवाना निदान तीन वर्षे असला पाहिजे. माझा सत्तावीस वर्षांचा सातारचा परवाना तिथे पाहुणी म्हणून मला गाडी चालवू देत होता, पण भाचीला शिकवू देत नव्हता. मी स्वतः स्कॉटलंडभर हिंडू शकत होते. ती मात्र माझ्या शेजारी प्रवासी म्हणून बसणार.

तेव्हा आम्ही तेच केले. तिने चार दिवसांची रजा काढली आणि आम्ही तिघे एडिंबरामार्गे रेल्वेने इन्व्हर्नेसला गेलो. भाड्याच्या गाडीच्या खिडकीत पहिला प्रश्न आला तो हाच, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिकचे तीन दिवसांचे भाडे ऐंशी पौंडांनी जास्त होते. आमच्या यजमानांनी मनातल्या मनात रुपये केले आणि माझ्याकडे पाहिले. पुण्यात ते स्वतः आपोआप गिअर पडणारी गाडी चालवतात, आणि सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता ज्याने क्लच मारला आहे तो त्यांना कधी नावे ठेवणार नाही. पण इथे चालवणार होते मी. मी गिअरची घेतली.

आता या गाडीत बसण्याआधी थोडे अप्पांविषयी. माझे वडील मूळचे वाईचे. त्यांच्याजवळ जुनी पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांडीलाच गिअरचा दांडा असलेली. त्या हँडगिअरवर त्यांनी मला पसरणीच्या घाटात शिकवले. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मारुतीवर परीक्षा दिली ती केवळ सरकारच्या समाधानासाठी. अप्पांचा नियम घाटातल्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचा होता, ज्या गिअरवर चढायचे त्याच गिअरवर उतरायचे. ब्रेकवर घाट उतरणाऱ्या माणसाला ते माणसात धरीत नसत. यामागे शास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना आवरून धरते. ब्रेक मात्र सतत दाबला की तापतो, आणि तापला की पकड सोडतो.

इन्व्हर्नेसहून पश्चिमेला निघालो की गार्व्ह, अक्नाशीन अशी चिमुकली गावे लागतात. मे महिना असल्याने रस्त्याच्या दोन्ही कडांना गॉर्सची काटेरी झुडपे पिवळ्याधमक फुलांनी लखडली होती. पाट्या दोन भाषांत, इंग्रजी आणि गेलिक. लॉखकॅरन सोडून किशोर्नच्या खाडीच्या टोकाशी आले की डावीकडे एक फाटा फुटतो आणि तिथे एक भली मोठी पाटी आहे. हा रस्ता दोन हजार त्रेपन्न फुटांवर चढतो, चढ पाचास एक आहे, वळणे हेअरपिनची आहेत. शिकाऊ चालकांनी, फार मोठ्या वाहनांनी आणि कॅरॅव्हॅनवाल्यांनी पहिल्या मैलापुढे जाऊ नये हे बरे, असा त्या पाटीचा भावार्थ. शिकाऊ चालक या शब्दांवर भाचीने बोट ठेवले आणि हसली. तिचे हसणे मला फारसे आवडले नाही.

या घाटाचे नाव ब्यालख ना बा. बेआलाख म्हणजे खिंड, आणि बा हे गेलिकमधल्या 'बो' या शब्दाचे षष्ठीचे रूप. बो म्हणजे गाय. आपल्या संस्कृतातला 'गो', लॅटिनमधला 'बोस' आणि हा 'बो' एकाच घराण्यातले. गाईंचा घाट! अ‍ॅपलक्रॉसचे गुराखी इथून गुरे बाजाराला नेत. १८२२ मध्ये त्या गुरवाटेचा रस्ता झाला. १९७० च्या दशकात समुद्रकाठाने दुसरा रस्ता होईपर्यंत अ‍ॅपलक्रॉसला गाडीने जायचे ते याच वाटेने, आणि हिवाळ्यात बर्फ पडले की वाट बंद. व्युत्पत्तीच्या आनंदात मी हे सगळे सांगत होते. मागच्या आसनावरून यजमान म्हणाले, "समोर बघून सांग."

रस्ता एका गाडीपुरताच. मधून मधून बाजूला फुगवटे ठेवले आहेत, समोरून कोणी आले की त्यात शिरून वाट द्यायची. आपल्याकडच्या वरंध घाटाची आठवण येते, पण वरंधला झाडी आहे, इथे एकही झाड नाही. तांबूस कातळाच्या दोन भिंती, मधल्या घळीतून वर चढत जाणारी रस्त्याची चिंधी, आणि सगळीकडून पाझरणारे पाणी. वर वर जाताना डोंगर अंगावर येत नाहीत, उलट उघडे पडत जातात. हेअरपिन वळणे शेवटी शेवटी आहेत, एकावर एक रचून ठेवल्यासारखी.

त्यातल्या दुसऱ्या वळणावर एक घरगाडी वरून उतरत आली. पाटी वाचूनही आलेली असणार. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला शक्य तिथे वाट द्यावी हा ब्रिटनच्या वाहतूक नियमांत आहे, आपल्याकडेही आहे. पण त्या गाडीच्या मागे जागा नव्हती आणि आमच्या मागे तीस-चाळीस पावलांवर फुगवटा होता. तेव्हा मीच मागे घेतली. पाचास एक चढावर, डावीकडे दरी ठेवून, हळूहळू. घरगाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याने हात हलवला, आणि आम्हांला पुन्हा चढावर गाडी उचलायची होती. माझा हात सवयीने हँडब्रेककडे गेला. तिथे दांडाच नव्हता! नव्या गाड्यांत त्याच्या जागी एक बटण असते आणि ते आपल्या आपण सुटते. शिवाय पायब्रेक सोडला तरी गाडी क्षण-दोन क्षण जागीच धरून ठेवण्याची सोय असते. म्हणजे मॅन्युअल म्हणवणाऱ्या गाडीतही अप्पांच्या वेळची अर्धी विद्या आता यंत्रानेच घेतली आहे. उरलेली अर्धी माझ्या डाव्या पायात होती. क्लच धरला, इंजिनचा सूर खाली आला, आणि गाडी उचलली.

वर पोचल्यावर ढग फाटले. पश्चिमेला समुद्र, त्यात राझे बेट, आणि त्यापलीकडे स्कायचे करवतीसारखे डोंगर. वाऱ्याने यजमानांची टोपी नेली ती बहुधा स्कायलाच गेली असेल. उतार मी अप्पांच्या नियमाने दुसऱ्या गिअरवर उतरले. ब्रेकला फारसा पाय लावावा लागला नाही.

अ‍ॅपलक्रॉस म्हणजे समुद्राच्या काठाने मांडलेली पांढऱ्या घरांची एक ओळ. सन ६७३ मध्ये मेलरुब्बा नावाच्या संताने इथे मठ स्थापन केला. गेलिकमध्ये या गावाला 'आ खोमरिख' म्हणतात, म्हणजे अभयस्थान. आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानच्या गावासारखेच, आत शिरलेल्याला कोणी हात लावायचा नाही. खाडीच्या काठी बाकावर बसून आम्ही तळलेले मासे खात होतो. मला वाटत होते, आता ही पोर म्हणणार, आत्या, मलाही असेच यायला हवे.

ती म्हणाली, "आत्या, तू छानच चालवलीस. पण मला असं चालवायचंच नाहीये."

"म्हणजे?"

"मला सकाळी साडेआठला पेशंटच्या दारात पोचायचंय. हेडिंग्लीचा चढ, मागे बस, पाऊस, आणि डोक्यात पुढच्या घरची आजी. त्यात क्लचचा विचार करायला माझ्याकडे जागाच नाही गं. बाबांना वाटतं मी घाबरते. घाबरत नाही. मला ते आवडतच नाही."

यजमान काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्या पक्षाला बहुमत मिळाल्यावर पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर येते तसे समाधान पसरले.

मी तिला एक विचारले. सुट्टीत मैत्रिणींबरोबर पोर्तुगाल, ग्रीस असे बेत चालले होते, त्याचे काय? कारण दक्षिण युरोपात भाड्याच्या लहान गाड्या अजून बहुतकरून गिअरच्याच असतात. ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगून ठेवावी लागते, ती महाग पडते, आणि लहानशा बेटावर शेवटच्या दिवशी मिळेलच असे नाही. कार्डावर ७८ असले की दुसरा मार्गच नसतो. तिने याचा विचार केलेला होता. ऑटोमॅटिकचा परवाना मिळाला की तोच गिअरच्या गाडीसाठी शिकाऊ परवाना म्हणून चालतो. पुढे कधी वाटलेच तर फक्त रस्त्यावरची परीक्षा गिअरच्या गाडीत द्यायची, लेखी पुन्हा नाही. "तोपर्यंत ऑटोमॅटिकचं भाडं चौघींत वाटून घेऊ," ती म्हणाली. या हिशेबात मला चूक काढता आली नाही. मनात खट्टू झाले हे मात्र खरे. अप्पांचा घाट माझ्यापर्यंत आला आणि थांबला, असे काहीतरी वाटत राहिले.

परतताना आम्ही समुद्रकाठचा रस्ता धरला, शील्डेगकडे जाणारा. तो लांबचा आणि सौम्य आहे. त्या रस्त्यावर मला मोडीची आठवण झाली. आमच्या विषयातल्या माणसाला ती कुठेही होते. मोडी वाचणाऱ्याला बाळबोध येतेच. बाळबोध येणाऱ्याला मोडी येत नाही. तरी आपण शाळांतून मोडी काढली आणि आपले काही अडले नाही. अडते ते फक्त दप्तरखान्यात गेलेल्याचे. गिअरच्या दांड्याचेही तसेच होणार. विजेच्या मोटारीला आपण बदलायचे असे गिअरच नसतात, त्यामुळे कार्डावर ७८ असलेल्याला त्या सगळ्या मोकळ्या. २०३० नंतर केवळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारी विकू द्यायच्या नाहीत, असे ब्रिटनच्या सरकारचे धोरण आहे. तिथे आताच दर चार परीक्षांमागे सुमारे एक ऑटोमॅटिकवर होते. गंमत म्हणजे ऑटोमॅटिकवर पास होणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत एकूण प्रमाणापेक्षा थोडे कमीच निघाले आहे. ज्यांना गाडी अवघड जाते तेच तिकडे अधिक वळतात, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते. तेव्हा सोपे म्हणून कोणी बेसावध राहू नये.

जर्मनांनी यातून एक मधला मार्ग काढला आहे. १ एप्रिल २०२१ पासून तिथे परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते. मात्र ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरच्या गाडीच्या निदान दहा शिकवण्या झाल्या आणि स्कूलने पंधरा मिनिटे चालवून घेऊन खात्री केली, तर कार्डावर ७८ ऐवजी १९७ येतो आणि दोन्ही गाड्या चालवता येतात. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. जपानने केवळ ऑटोमॅटिकचा वेगळा परवाना १९९१ मध्येच सुरू केला. अमेरिकेत नेहमीच्या परवान्यावर असा भेद नाही, आणि माझ्या न्यू जर्सीच्या मावसबहिणीच्या मुलांनी तर क्लच पाहिलेलाही नाही.

नुसते हिंडायला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपल्या आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. हजार रुपये शुल्क, एक वर्षाची मुदत. १९४९ च्या जिनिव्हा करारावर तो चालतो, म्हणून जपानातही तो धरतात. त्या पुस्तिकेत मोटारीसाठी ब वर्गावर शिक्का असतो, गिअरचा उल्लेख नसतो. म्हणजे कागदोपत्री आपल्याला सगळीकडे दोन्ही गाड्या मोकळ्या. पण कागद आणि रस्ता यांत फरक आहे. ब्रिटन, आयर्लंड, जपान इथे आपल्यासारखेच डावीकडून चालायचे, दांडा डाव्या हाताला, पायाला काही नवे नाही. तिथे गिअरची सवय असलेल्याने खुशाल गिअरची घ्यावी आणि पैसे वाचवावे. युरोपात मात्र सुकाणू डावीकडे, दांडा उजव्या हाताला, रस्ता उजवीकडचा, आणि चौकातला गोल उलटा फिरायचा. मेंदूला इतके सगळे एकदम उलटे करायला लावल्यावर वर आणखी क्लच कशाला? तिथे पहिल्या खेपेला, गिअरची गाडी कितीही चांगली येत असली तरी, ऑटोमॅटिकच घ्यावी आणि ती निघण्याआधी महिनाभर सांगून ठेवावी. शेजारी बसलेल्या माणसाने नकाशा बघावा आणि गप्प राहावे.

लीड्सला परतल्यावर रात्री भावाचा फोन आला. भाचीने स्वतःच त्याला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "इकडे आलीस की माझी गाडी चालवशील ना? ती गिअरची आहे." ती म्हणाली, "बाबा, माझं इंडियन लायसन्स चालू आहे. तुम्ही शेजारी बसा, मी बंद पाडत पाडत चालवेन." त्यावर दोघेही हसले आणि वहिनीने फोन ओढून घेऊन जेवणाची चौकशी सुरू केली.

तिने शिकवणारे गृहस्थ बदलले. जूनपासून ऑटोमॅटिकच्या शिकवण्या घेतल्या. पहिल्या परीक्षेत गोलचौकात शिरताना उजवीकडे नीट न पाहिल्याबद्दल नापास झाली. म्हणजे क्लच नसतानाही! दुसरी तारीख नोव्हेंबरच्या शेवटी मिळाली, मुदत संपायला जेमतेम महिना उरलेला असताना. त्या दिवशी आमच्याकडे दुपारी साडेतीनला फोन वाजला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. तीन किरकोळ चुका, पास. तिच्या घरभेटींची जागा तिच्याकडेच राहिली. आठवड्याभरात कार्ड आले, त्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र तिने घरातल्या सगळ्यांना पाठवले, ७८ या आकड्याभोवती लाल गोल काढून.